खोल किडलेल्या दाताला अस्तराचा आधार

(शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इयत्ता तिसरीच्या वर्गात बसलेली आठ वर्षांची एक मुलगी क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. मधल्या सुट्टीत माठातले गार पाणी पिताना ती तोंड वेडेवाकडे करते आणि घोट दुसऱ्या बाजूने गिळते. भाकरी एकाच बाजूने चावते. घरी सांगितले तर दुधाचा दात आहे, पडेल आपोआप, असे उत्तर मिळते. काही महिन्यांनी दाढ ठणकू लागते. मग बाजाराच्या दिवशी वडील तिला तालुक्याच्या गावी नेतात आणि दाढ काढून आणतात. दुखणे थांबते, घरातील सर्वांना प्रश्न सुटला असे वाटते. वस्तुतः त्या दिवशी मुलीच्या तोंडातून गेलेली दाढ दुधाची नव्हतीच. ती आयुष्यभर पुरावयाची पहिली कायमची दाढ होती. ती पुन्हा येणार नाही.

अशा मुली आणि अशी मुले आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. त्यांच्या दाढांपैकी पुष्कळ दाढा वाचू शकतात. त्या वाचविण्याचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत हळूहळू सिद्ध झाले असून, त्यातील एक लहानसा पण महत्त्वाचा भाग म्हणजे दातात भरावयाच्या मसाल्याखाली घालावयाचे संरक्षक अस्तर. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. विषय दंतवैद्यकाचा असला तरी त्याचे यशापयश केवळ दंतवैद्यावर अवलंबून नाही. मुलाला वेळेवर कोणी पाहिले, कोणी पाठविले आणि पुन्हा तपासणीस कोणी नेले, या गोष्टींवरही ते तितकेच अवलंबून आहे.

दात कसा किडतो

बाहेरून दगडासारखा दिसणारा दात आतून सजीव असतो. त्याचे वरचे कवच म्हणजे दंतवल्क. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून झिजलेले किंवा फुटलेले कवच पुन्हा उगवत नाही. कवचाखाली दंतिन नावाचा पिवळसर, किंचित मऊ थर असतो. सर्वांत आत दाताचा गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. बोलीभाषेत ज्याला दाताची नस म्हणतात तो हाच.

दंतिन सलग भरीव नसते. त्यातून असंख्य सूक्ष्म नळ्या गाभ्याकडे जातात. बाहेरच्या बाजूस एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २०,००० नळ्या असतात. गाभ्याजवळ ही संख्या ४५,००० किंवा त्याहूनही अधिक होते आणि प्रत्येक नळी अधिक रुंद होत जाते. या नळ्यांत द्रव असतो. थंड, गरम किंवा गोड पदार्थ लागला की तो द्रव हालतो आणि गाभ्यातील मज्जातंतूंना त्याची जाणीव होऊन सणक येते. कीड जसजशी खोल जाते, तसतसे गाभ्याचे दार अधिकाधिक उघडे पडत जाते, असे म्हणता येईल.

आता कीड म्हणजे काय? दातात किडा नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडण्याचा प्रकार अजूनही कोठे कोठे दिसतो, परंतु दाखविले जाणारे ते किडे दातातले नव्हेत. डब्ल्यू. डी. मिलर या बर्लिन येथे काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये दाखवून दिले की, तोंडातील जंतू साखर व पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळविते. दाताच्या पृष्ठभागावरील आम्लतेचा निर्देशांक सुमारे ५.५ च्या खाली गेला की कवच विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच ही स्थिती येते आणि लाळेच्या साहाय्याने ती सावरावयास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. दिवसातून दहा वेळा चॉकलेट किंवा बिस्कीट खाणाऱ्या मुलाच्या दाताला सावरण्यास उसंतच मिळत नाही.

हा रोग किती व्यापक आहे? भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षे वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दंतक्षय असल्याचे आढळले. ३५ ते ४४ या वयोगटात तर हे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांना कीड आहे. जगातील इतर कोणताही रोग इतक्या लोकांना क्वचितच होत असेल.

अस्तर कशासाठी

कीड काढून टाकल्यावर दातात खड्डा राहतो. तो भरून काढणे आवश्यक असते. परंतु खड्डा जर गाभ्याच्या अगदी जवळ पोहोचला असेल, तर त्यावर सरळ मसाला भरणे धोक्याचे ठरू शकते. चांदीचा मसाला हा धातू असल्याने उष्णता व थंडी चटकन आत पोहोचवितो. काही सिमेंटे घट्ट होईपर्यंत आम्लधर्मी असतात. शिवाय मसाला आणि दात यांच्यामध्ये फट राहिली, तर तिच्यातून जंतू आत शिरतात. यासाठी मसाल्याखाली औषधी पदार्थाचा पातळ थर देण्याची पद्धत पडली. कोटाला आतून अस्तर असते, तसेच हे अस्तर. त्याची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरहून अधिक नसते. त्याहून जाड थर दिला तर त्याला पाया म्हणतात. जमिनीवर फरशी बसविण्यापूर्वी कोबा करतात, तसा तो वरच्या मसाल्याला आधार देतो.

गाभ्याला झाकण्याची कल्पना जुनी आहे. १७५६ मध्ये प्रशियाच्या राजाचा दंतवैद्य फिलिप फाफ याने उघड्या पडलेल्या गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा बसविण्याची रीत लिहून ठेवली. त्या काळी जंतूंची माहिती नसल्यामुळे असे प्रयत्न बहुधा निष्फळच ठरत असले पाहिजेत. खरा बदल झाला तो १९२० च्या सुमारास. जर्मनीतील बी. डब्ल्यू. हर्मान याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड हा पदार्थ दंतोपचारात आणला. हा पदार्थ आपल्याला परका नाही. पानाला लावावयाचा विझविलेला चुना रासायनिकदृष्ट्या हाच होय. दंतवैद्यकात तो अतिशुद्ध स्वरूपात, ठरावीक प्रमाणात आणि निर्जंतुक रीतीने वापरला जातो. तो तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा निर्देशांक १२ च्या वर जातो. एवढ्या अल्कतेत कीड करणारे जंतू टिकाव धरू शकत नाहीत. शिवाय गाभ्याच्या पेशींना त्याचा किंचित चटका बसून त्या जाग्या होतात आणि आपल्या रक्षणार्थ दंतिनाचा नवा थर रचू लागतात. गाभा आतून स्वतःभोवती तटबंदी उभारतो आणि चुना त्यास चालना देतो, असे या क्रियेचे स्वरूप आहे.

येथेच एक इशारा देणे अगत्याचे आहे. पानाचा चुना दुखऱ्या दातात भरावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याने हिरड्या व गाल भाजतात आणि आतील कीड तशीच राहते. तंबाखूची चिमूट, मिश्री किंवा कापूर दातात धरण्यानेही कीड थांबत नाही. लवंगाच्या तेलाने ठणका तात्पुरता कमी होतो, कारण त्यातील युजेनॉल हे द्रव्य मज्जातंतूंना शांत करते. दंतवैद्यही झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे सिमेंट दीर्घकाळ वापरीत आले आहेत. परंतु दुखणे थांबणे आणि रोग थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पालकांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

शत्रू कोण, याचा शोध

अनेक वर्षे असा समज होता की, गाभ्याला इजा होते ती मुख्यतः भरलेल्या मसाल्यातील रसायनांमुळे. म्हणून रसायने अडविण्यासाठी अस्तर घालावयाचे. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड या तिघा संशोधकांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. उंदरांच्या दोन गटांत त्यांनी दाढांना छिद्रे पाडून गाभा उघडा केला आणि तो तसाच ठेवला. पहिल्या गटातील उंदीर सर्वसाधारण होते. त्यांच्या दाढांचा गाभा कुजून गेला. दुसऱ्या गटातील उंदीर जन्मापासून संपूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढविलेले होते. त्यांच्या दाढांत अन्नकण जाऊन बसले, तरीही गाभा जिवंत राहिला आणि छिद्रावर दंतिनाचा नवा पूल तयार झाला. म्हणजे गाभ्यात बरे होण्याची शक्ती मुळातच आहे. ती हिरावून घेतात ते जंतू.

स्वीडनमधील मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांच्या संशोधनानेही हेच दिसून आले की, मसाल्याखालच्या जळजळीचे मोठे कारण मसाला नसून त्याच्या कडेने आत झिरपणारे जंतू हे आहे. या ज्ञानामुळे अस्तराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. रसायने अडविणारा पडदा एवढेच त्याचे काम राहिले नाही. आत उरलेल्या जंतूंना निष्प्रभ करणे, गाभ्याला नवा थर रचण्यास साहाय्य करणे आणि वरच्या मसाल्यासह दाताचे तोंड घट्ट बंद ठेवणे, ही त्याची खरी कामे ठरली.

या कसोटीवर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या उणिवाही उघड झाल्या. ते दाताला चिकटत नाही, दाबाखाली टिकत नाही आणि वरचे झाकण गळके असेल तर कालांतराने विरघळून जाते. त्याच्यामुळे तयार झालेल्या नव्या थरात काही वेळा बारीक भोके राहतात. म्हणून ते केवळ सर्वांत खोल बिंदूवर टिकलीएवढे लावून त्यावर दुसरे सिमेंट झाकण्याची पद्धत रूढ झाली.

हे दुसरे सिमेंट म्हणजे बहुधा ग्लास आयोनोमर. लंडनमधील शासकीय रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ते तयार केले आणि १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. एका शासकीय प्रयोगशाळेतून आलेल्या या पदार्थाने जगातील गोरगरिबांच्या दंतोपचाराला मोठा हात दिला आहे. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू बाहेर पडत राहते. वीज नसतानाही त्याची भुकटी व द्रव हाताने कालवून ते भरता येते.

त्यानंतर १९९३ मध्ये अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए या नावाने ओळखला जाणारा पदार्थ पुढे आणला. त्याचे मुख्य घटक घरबांधणीच्या पोर्टलंड सिमेंटमध्ये असतात तेच कॅल्शियम सिलिकेट होत. अर्थात हे औषधी प्रतीचे, शुद्ध केलेले असतात. ओलाव्यातच ते घट्ट होते आणि घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडते. म्हणजे चुन्याचा गुण त्यात आहे, पण तो टिकाऊ रूपात. उघड्या पडलेल्या गाभ्यावर आज या जातीची सिमेंटे अधिक भरवशाची मानली जातात. त्यांची किंमत मात्र बरीच अधिक असते, ही व्यवहारातील अडचण आहे.

किती कीड काढावी

अस्तराच्या प्रश्नाशी निगडित असा दुसरा प्रश्न म्हणजे खड्ड्यातील कीड किती काढावी. पूर्वीचा दंडक असा की, मऊ व काळे जे जे असेल ते सर्व खरवडून काढावे, मग त्यात गाभा उघडा पडला तरी चालेल. या दंडकापायी अनेक जिवंत गाभे विनाकारण उघडे पडले आणि पुढे दातही गेले. गाभ्याच्या अगदी जवळचा मऊ थर मागे ठेवून त्यावर अस्तर घातले आणि दात घट्ट बंद केला, तर काय होते, याचा अभ्यास नंतर झाला. आत कोंडलेल्या जंतूंना बाहेरून अन्न मिळेनासे होते, त्यांची संख्या घटते, मऊ दंतिन कोरडे व टणक होऊ लागते आणि गाभ्याला आतून नवा थर रचण्यास अवधी मिळतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात प्रौढांच्या खोल किडलेल्या दातांचे दोन गट केले होते. एका बैठकीत सर्व कीड काढलेल्या गटात सुमारे २९ टक्के दातांचा गाभा उघडा पडला. टप्प्याटप्प्याने, म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने दोन बैठकांत कीड काढलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १७.५ टक्के राहिले. त्यापुढे ब्राझीलमध्ये झालेला अभ्यास आपल्यासाठी अधिक बोधप्रद आहे. तेथे एका गटात थोडा मऊ थर मागे ठेवून पहिल्याच बैठकीत कायमचा मसाला भरला. दुसऱ्या गटात तात्पुरता मसाला भरून पुन्हा बोलाविले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील सुमारे ९१ टक्के दातांचा गाभा जिवंत होता, दुसऱ्या गटात सुमारे ६९ टक्के. या तफावतीचे एक मोठे कारण असे की, दुसऱ्या गटातील अनेक रुग्ण पुन्हा आलेच नाहीत आणि तात्पुरता मसाला निघून गेला. तात्पुरत्या मसाल्यावर विसंबून रुग्ण परत गेला व मजुरीच्या हंगामात विसरला, हा अनुभव आपल्या ग्रामीण भागाला नवा नाही.

या सर्व संशोधनाचा विचार करून तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये आणि युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजीने २०१९ मध्ये जी भूमिका मांडली, तिचे सार असे आहे. खड्ड्याच्या कडा व भिंती पूर्णपणे टणक व स्वच्छ कराव्यात, म्हणजे मसाला घट्ट बसेल. गाभ्यावरील तळ मात्र हलक्या हाताने हाताळावा. तेथील मऊ थर राहू द्यावा, पण गाभा उघडा पाडू नये. मग दात घट्ट बंद करावा.

अस्तर म्हणजे जादू नव्हे

याबरोबरच एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक खड्ड्यात अस्तर घालण्याची गरज नसते. गाभ्यावर दोन मिलिमीटर किंवा अधिक जाडीचे निरोगी दंतिन शिल्लक असेल, तर तेच सर्वोत्तम अस्तर होय. दाताच्या रंगाचा आधुनिक मसाला भरताना अस्तर घातल्याने नंतरची सणक कमी होते का, याचा पडताळा घेणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात अस्तराच्या बाजूने ठाम पुरावा मिळाला नाही. शिवाय प्रत्येक अस्तर प्रत्येक मसाल्याखाली चालत नाही. युजेनॉल असलेले सिमेंट हे दाताच्या रंगाच्या राळयुक्त मसाल्याला नीट घट्ट होऊ देत नाही. खड्डा किती खोल, गाभ्याची स्थिती कशी, वर कोणता मसाला भरावयाचा, हे पाहून दंतवैद्याने निर्णय घ्यावयाचा असतो. सर्व मतभेदांतून एक गोष्ट निर्विवाद उरते. ती म्हणजे झाकण पक्के हवे. गळके छप्पर असलेल्या घरात भिंतींना कितीही चांगला गिलावा केला तरी तो टिकत नाही.

अस्तराचा उपयोग गाभा जिवंत असेपर्यंतच. म्हणून दुखण्याचे स्वरूप ओळखणे फार महत्त्वाचे आहे आणि हे काम शिक्षक व पालकही करू शकतात. थंड किंवा गोड लागले की सणक येते आणि काही सेकंदांत थांबते, अशी तक्रार असेल तर गाभा बहुधा बरा होण्याजोगा असतो. हीच खरी वेळ होय. कोणतेही कारण नसताना ठणका लागतो, रात्री झोप उडते, गरम लागल्यावर कळ बराच वेळ राहते, अशी तक्रार असेल तर गाभ्याची जळजळ पुढे गेलेली असते. तेव्हा गाभ्याचा रोगट भाग काढून उरलेल्यावर औषधी सिमेंट ठेवणे किंवा रूट कॅनाल करणे यांसारखे मोठे उपचार लागतात. गालावर सूज आली, हिरडीवर पुवाची पुळी दिसू लागली की अस्तराची वेळ टळून गेलेली असते. तथापि त्या अवस्थेतही दाढ काढणे हाच एक उपाय नसतो. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडेनासे झाले असेल किंवा गिळण्यास त्रास होत असेल, तर मात्र रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

आठ वर्षांच्या त्या मुलीच्या बाबतीत वेळेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. म्हणूनच पालक तिला दुधाची समजतात. ही दाढ तोंडात दिसू लागल्यावरही तिची मुळे पूर्ण वाढावयास आणखी तीन-चार वर्षे लागतात आणि ती वाढ जिवंत गाभ्यामुळेच होते. सातव्या-आठव्या वर्षी गाभा मेला, तर मुळे आखूड व पातळ राहतात; अशा दाढेवर पुढील उपचार करणेही कठीण जाते. म्हणजे वेळेवर घातलेले अस्तर केवळ एक खड्डा भरीत नाही, तर ते दाढेला वाढण्यास अवधी देते.

गावपातळीवर काय करता येईल

हे सर्व शास्त्र गावापर्यंत कसे पोहोचावे? मोठी यंत्रसामग्री असेल तरच दात वाचतो, असे नाही. १९८० च्या दशकात टांझानियामध्ये, जेथे वीज व दंतवैद्यकाची खुर्ची उपलब्ध नव्हती अशा ठिकाणी, केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून चिकट सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये जागतिक आरोग्य दिन मुखारोग्याला वाहिला, तेव्हा या पद्धतीचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये संघटनेने ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आल्यापासून पारा असलेल्या चांदीच्या मसाल्याचा वापर कमी करण्याकडे जगाचा कल आहे. या परिस्थितीत चिकट सिमेंटांचे महत्त्व अधिकच वाढते.

आपल्या राज्याला या कामी एक सुसंधी लाभलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला आणि या कार्यक्रमात बालकांच्या ज्या तक्रारींची तपासणी करावयाची, त्यांत दातांच्या तक्रारींचाही समावेश आहे. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकासमोर प्रत्येक मुलाचे तोंड उघडले गेले पाहिजे, एवढे पाहणे शिक्षकांच्या हाती आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत पुढील उपचारांची सोय आहे. अडचण बहुधा उपचाराच्या अभावाची नसून तेथवर पोहोचण्याची असते.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी सोप्या आहेत. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना मागे उगवणारी ही दाढ कायमची आहे, हे एकदा स्पष्ट सांगावे. महिन्यातून एकदा उजेडात मुलांचे दात पाहावेत. दाढेच्या खाचेत काळा खड्डा दिसला, किंवा मूल गार पाण्याला भिऊ लागले, तर त्याची नोंद करून पालकांना चिठ्ठी द्यावी. शालेय पोषण आहारानंतर चुळा भरण्याची सवय लावावी. दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासण्यास सांगावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मुळातच अधिक आहे, तेथे दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. मिश्री लावण्याची सवय मुलांना लागू देऊ नये, हेही आवर्जून सांगावे.

पंचायत सदस्यांचे काम निराळे आहे. दात दुखणे ही घरगुती बाब समजली जात असल्याने तिची चर्चा ग्रामसभेत होत नाही. वस्तुतः एका मुलाच्या उपचारासाठी पालकांचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि पुन्हा तपासणीसाठी दुसऱ्या दिवसाचा. एकाच दिवशी गावातील आठ-दहा मुलांना एकत्र नेण्याची सोय गावाच्या आरोग्य समितीने केली, तर हा खर्च वाटला जातो आणि पुन्हा जाणेही चुकत नाही. अस्तर घातलेल्या दाढेची सहा महिन्यांनी व वर्षाने तपासणी आवश्यक असते. गाभा जिवंत आहे की नाही, झाकण पक्के आहे की नाही, हे तेव्हाच कळते. त्या तारखा शाळेच्या फलकावर लिहून ठेवणे हे अगदी बिनखर्चाचे काम आहे.

अधिकाऱ्यांनी लक्ष घालावयाचे मुद्दे पुरवठ्याचे व नोंदींचे आहेत. ग्लास आयोनोमरची भुकटी दमट हवेत लवकर बिघडते. पावसाळ्यापूर्वी साठा तपासणे, बाटल्यांची झाकणे घट्ट आहेत आणि वापराची मुदत संपलेली नाही हे पाहणे, ही लहान कामे वाटली तरी त्यांवर दात टिकणे अवलंबून असते. शिबिराचे यश किती दात काढले या आकड्यावरून मोजण्याची पद्धत बदलली पाहिजे. किती दात वाचले आणि वर्षानंतर त्यांपैकी किती जिवंत आहेत, हा आकडा नोंदला गेला तर कामाची दिशाच बदलेल. दात काढण्यास काही मिनिटे लागतात, वाचविण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. तरीही काढलेल्या दाढेची किंमत ते मूल पुढील साठ वर्षे चावताना मोजीत असते.

श्रोतेहो, अर्ध्या मिलिमीटरचा हा थर डोळ्यांना दिसतही नाही; दात भरून झाला की तो कायमचा झाकला जातो. परंतु त्या थराची वेळ येते ती फार थोड्या काळापुरती, म्हणजे मुलाला गार पाणी सोसेनासे झाल्यापासून रात्री ठणका लागेपर्यंत. वर्गातील ती मुलगी मधल्या सुट्टीत माठापाशी तोंड वेडेवाकडे करील, तेव्हा तिच्या शिक्षकाने ते पाहावे, पंचायतीने तिच्या वडिलांना सोबत द्यावी आणि दवाखान्यात तिच्यासाठी लागणारे सिमेंट शिल्लक असावे. एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्या, तर तिची दाढ वाचेल.